आधी आषाढात जाऊन राहा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून राजापूरला आजोबांच्या घरी कायमचं जायचं म्हणतेस. मी नको म्हणणार नाही. पण 'शहर माणसाला जगू देत नाही' असं तू फोनवर तीनदा म्हणालीस, ते मनातून जात नाही.

माझे बाबा सतराव्या वर्षी रत्नागिरीहून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले. चार भावांत वाटलेलं भात शिमग्यापर्यंतही पुरत नव्हतं, आणि लालबागला गाववाल्यांचा गाळा, म्हणजे चाळीतली खोली, होती, एवढ्यावर ते आले. एका गाळ्यात वीसेक जण. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीच्याची वळकटी उचलायची. जेवण खानावळीत. गिरणीचा पगार एका माणसाला पुरेल इतकाच. त्यातूनच वाचवून मनीऑर्डर जायची. बाकी पोरं, म्हातारी, गुरं, लावणी सगळं माझ्या आजीनं गावी ओढलं. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत मनीऑर्डरचे कागद दोऱ्यानं बांधलेले सापडले. खालच्या चार ओळींच्या जागेत बाबांचं अक्षर: 'लावणी आटपली का? कौलं शाकारून घे.' तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. 'मिटला की येतो' म्हणून कितीतरी जण गावी गेले, बाबाही. पण भात तेवढंच होतं आणि खाणारी तोंडं वाढलेली. दीड वर्षानं ते परत आले, गाळ्यातली जागा सोडली आणि आम्ही डोंबिवलीला आलो.

असं आमचं एकट्याचं नव्हतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. ही माणसं कोकणात परतली म्हणावं, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचीही लोकसंख्या त्याच दहा वर्षांत घटली. वाढला तो ठाणे जिल्हा, २९ लाखांनी. त्यात बाहेरून आलेले पुष्कळ, पण गिरणगावातली कितीतरी बिऱ्हाडं माझ्या डोळ्यांदेखत कल्याण-बदलापूरकडे सरकली. काम शहरातच राहिलं, छप्पर तेवढं लांब गेलं.

म्हणून विचारते, तुला शहर नकोसं झालंय की लोकल आणि भाडं? ऑफिसपासून दहा मिनिटांवर परवडणारं घर मिळालं, तरी जाशील? 'हो' म्हणालीस तर जा, मी सोडायला येईन. उत्तर द्यायला वेळ लागला तर राजीनामा थांबव.

आणि गाव ठरवायचं ते गणपतीत किंवा मे महिन्यात नाही. तेव्हा चाकरमानी आलेले असतात, प्रत्येक घरात दिवा असतो. आषाढात जा. निम्म्या घरांना कुलूप असतं, वीज दोन-दोन दिवस नसते, डॉक्टरकडे जायला गाडी शोधावी लागते. त्या पावसात महिनाभर राहा. सातबारा काढून बघ, त्यावर किती चुलत्यांची नावं आहेत. घर सामाईक असेल तर बोलणी आधी, दुरुस्ती नंतर.

एक मात्र अगदी पहिल्यांदा कर. त्या घरात तुझी काकू इतकी वर्षं एकटी राहिली आहे. तू यावंस असं तिला वाटतं का, ते तिच्यासमोर बसून विचार. माझ्या आजीला आमच्या घरात असलं काही कुणी कधी विचारलं नव्हतं.

तुझ्या,
बाई