वाचकांचे प्रश्न : दिल्लीतले शेवटचे दिवस, बारसं आणि व्हिसा

प्रश्न : आम्ही दोघं मूळचे पुणे-नाशिककडचे, आता न्यू जर्सीत, दोघांकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड). ओडिशातल्या संस्थेतून अडीच वर्षांची मुलगी दत्तक घेतलीय. कलेक्टरांचा आदेश झाला, कारा या केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाचं कॉन्फॉर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे झाल्याचं प्रमाणपत्र) आलं, तिचा पासपोर्टही हातात आहे, आता दिल्लीत भाड्याच्या फ्लॅटवर मेडिकल आणि व्हिसासाठी थांबलोय. ती दिवसभर नवऱ्याला चिकटून असते, मी जवळ घेतलं की किंचाळते. रात्री मुठीत बिस्किट धरून झोपते. त्यात सासू-सासरे म्हणतात आम्ही दिल्लीला येतो आणि माझी आई म्हणते दोन दिवस पुण्याला आणा, बारसं उरकून टाकू. काय करू?

उत्तर : आधी बारशाचं बोलू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. नका करू. म्हणजे आत्ता नका करू, पुढच्या वर्षी सुट्टीला याल तेव्हा दणक्यात करा, पेढे मलाही पाठवा. आत्ता त्या पोरीची माणसं बदललीत, भाषा बदललीय, अंथरूण बदललंय, जेवणाची वेळ बदललीय, आणि अशात तिला विमानात घालून पुण्याला नेऊन चाळीस माणसांच्या मांडीवर फिरवायचं, का तर घरच्यांना हौस आहे म्हणून? सासू-सासऱ्यांनाही फोनवर प्रेमाने पण स्पष्ट सांगा की आत्ता येऊ नका, आणि हे सुनेने नाही, मुलाने सांगायचं. ते राग धरतील थोडा, धरू देत. आजी-आजोबांना नातीचं काही करायचंच असेल तर त्यांनी व्हिडिओ कॉलवर रोज एकच गाणं म्हणावं, पाच मिनिटं, बास.

या दिवसांत तिचं जग जेवढं लहान ठेवाल तेवढं बरं. आग्रा नको, मॉल नको, कुतुबमिनार पण नको. सकाळी खालच्या बागेत एक चक्कर, मग आंघोळ, वरण-भात, झोप, परत तेच. तुम्हाला कंटाळा येईल, पण तिला तेच हवंय, पुढे काय होणार हे आधीच कळलेलं. आणि भरवणं, धुणं, उचलणं फक्त तुम्ही दोघांनीच करायचं, फ्लॅटवर कामाला येणाऱ्या ताई कितीही मायाळू असल्या तरी.

आता ती तुमच्याकडे येत नाही त्याचं. बऱ्याचदा उलट होतं, शिशुगृहात सगळ्या बायकाच असतात म्हणून मुलं बाबाला बघून घाबरतात. तुमच्याकडे तिने बाबाला धरलंय. तिने एका कोणाला तरी धरलंय ही चांगली गोष्ट आहे हो, काळजी तेव्हा वाटते जेव्हा मूल कोणालाच धरत नाही, दिसेल त्याच्या कडेवर जातं, रडत नाही, आणि नातेवाईक म्हणतात "किती शहाणी आहे!" तुम्ही तिला नवऱ्याच्या हातून ओढून घेऊ नका. ती त्याच्या मांडीवर असतानाच तुम्ही शेजारी बसून घास भरवा, तेल लावताना पाय तुम्ही घ्या, दूध तुमच्याच हातून जाऊ दे. संस्थेतल्या मावश्यांना अजून फोन लागत असेल तर विचारून घ्या की भात किती मऊ करत होते, थोपटत होते की नुसतं शेजारी झोपत होते, आणि पाणी, भूक, शी, झोप एवढ्याचे ओडिया शब्द लिहून घ्या. संस्थेतून तिच्यासोबत फ्रॉक किंवा चादर आली असेल तर कितीही कळकट असली तरी धुवू नका, तो वास तिला ओळखीचा आहे.

बिस्किटाचं म्हणाल तर ते हिसकावू नका. गाढ झोपली की हळूच काढा, घशात अडकायला नको, पण सकाळी डोळे उघडल्या उघडल्या तेच तिच्या उशाशी दिसलं पाहिजे. दिवसा एक छोटा डबा कुरमुरे घालून तिच्या ताब्यात द्या. तो कायम भरलेला असतो याची खात्री पटायला वेळ लागेल, तोवर घरभर कुरमुरे सापडतील.

कागदांचं एकच सांगते. आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट आणि डीएस-२६० हा अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं लावायची पद्धत, ते एका कागदावर येतं आणि दुसऱ्यावर नाही, किंवा जन्मतारखेत घोळ होतो, कारण सापडलेल्या मुलाची तारीख बहुतेक वेळा अंदाजाने धरलेली असते. चूक भारतात असतानाच दुरुस्त करून घेणं सोपं, न्यू जर्सीतून करायला गेलात तर जीव जाईल.

प्रश्न : आमचा दत्तक मुलगा चार वर्षांचा. अमेरिकेच्या व्हिसासाठी मेडिकल केलं, त्यात टीबीची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. परतीचं तिकीट बुक आहे. आता व्हिसा नाकारतील का?

उत्तर : घाबरू नका. २ ते १४ वर्षांच्या मुलांना भारतात ही टीबीची रक्ताची टेस्ट, म्हणजे इग्रा, करावीच लागते, आणि ती पॉझिटिव्ह म्हणजे जंतू कधीतरी अंगात शिरलेत एवढंच, आजार झालाय असं नाही. आता छातीचा एक्स-रे काढतील. तो नॉर्मल असेल, खोकला-ताप-वजन घटणं असं काही नसेल तर साधारणपणे व्हिसा अडत नाही, पुढचे उपचार तिकडे डॉक्टर ठरवतात. एक्स-रेत काही दिसलं तर मात्र थुंकीचे नमुने घेऊन कल्चर करतात आणि त्या रिपोर्टला आठेक आठवडे लागू शकतात. म्हणून तिकीट नेहमी बदलता येईल असंच काढायचं, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. नाहीतर तारीख जवळ आली की आई-बाबा एकमेकांवर खेकसायला लागतात आणि पोरगं भेदरून बघत बसतं. दोघांपैकी एकाला नोकरीसाठी आधी परतावं लागलं तर कोण थांबणार हे आजच ठरवा, शक्यतो तो ज्याला धरून आहे तोच थांबू दे. आणि हो, लसी राहिल्या असतील तर १० वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांना सूट मिळते, अमेरिकेत पोचल्यावर ३० दिवसांत लसीकरण सुरू करू असं प्रतिज्ञापत्र द्यायचं.

प्रश्न : आमच्या दत्तक मुलाला आयएच-३ व्हिसा (भारतातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलांचा) मिळाला! आता विमानतळावर काय लागतं, आणि अमेरिकेत गेल्यावर दत्तकासाठी कोर्टात जावं लागतं का?

उत्तर : अभिनंदन! एम्बसीने सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते फोडू नका आणि चेक-इन बॅगेत टाकू नका. हल्ली बऱ्याच केसमध्ये सगळं ऑनलाइनच जातं आणि तसं व्हिसावर लिहिलेलं असतं, तरी आदेश आणि जन्मदाखल्याच्या मूळ प्रती हातातल्या बॅगेतच हव्यात. दिल्लीहून तिकडे थेट विमान साधारण पंधरा तासांचं, त्यामुळे कपड्यांचे दोन जोड मुलाचे आणि एक तुमचाही. शेजारचे लोक वैतागून बघतील, बघू देत.

मूल १८ च्या आतलं असेल आणि आयएच-३ वर तुमच्यासोबत राहायला अमेरिकेत दाखल झालं की आपोआप नागरिक होतं, नागरिकत्वाचं सर्टिफिकेट पोस्टाने घरी येतं, म्हणून फॉर्मवरचा पत्ता बरोबर आहे ना ते बघा. नागरिकत्वासाठी कोर्टाची गरज नाही, काही जण राज्याचा जन्मदाखला मिळावा म्हणून तिकडच्या कोर्टातून दत्तक परत करून घेतात. भारतीय पासपोर्ट मात्र नंतर सरेंडर करावा लागतो आणि मग ओसीआय काढता येतं. मूल कसं रुळतंय याचे फॉलो-अप रिपोर्ट पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी असतात, तुमची तिकडची दत्तक एजन्सी ते पाठवते. सोशल वर्कर येणार म्हणून घर आवरत बसू नका, त्यांना मूल बघायचं असतं.