पहिला इन्फ्रारेड फोटो काढताना

इन्फ्रारेड म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. मुख्यतः तोच आत सोडणारा फिल्टर घेण्याआधी कॅमेरा तपासा. लाइव्ह व्ह्यू चालू करून टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरा आणि बटण दाबा. रिमोटचा दिवा इन्फ्रारेड असतो. तो स्क्रीनवर अगदी मिणमिणता दिसला, तर एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, फार लांबणार. फिल्टर ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्या तरंगलांबीपुढचा प्रकाश सोडणारा घ्या. ८५० मध्ये रंग जवळपास उरतच नाहीत.

ट्रायपॉड हवाच. फिल्टरमधून जवळपास काही दिसत नाही, म्हणून आधी फिल्टरशिवाय फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर हलक्या हाताने चढवा. फोकसची रिंग जराशी फिरली तरी फोटो गेला. सुरुवात आयएसओ २००, एफ/८, भर उन्हात १५ ते ३० सेकंद. डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर झाका, मागून उजेड शिरतो. मधोमध फिकट गोल डाग आला तर एफ/५.६ करून बघा. तरी राहिला तर लेन्सच बदला.

नागपुरातल्या मे महिन्याच्या उन्हाला भुलू नका. सेमिनरी हिल्सवरची बरीच झाडं तेव्हा निष्पर्ण असतात, आणि पांढरीशुभ्र उजळतात ती पानंच. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, वारा पडलेला बघून अंबाझरी तलावावर जा.

फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये घ्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, उन्हातल्या हिरव्या गवतावरून ठरवा. लाइटरूम सॉफ्टवेअरमधला त्याचा स्लायडर २००० केल्व्हिनला अडतो आणि इन्फ्रारेडला तेवढं पुरत नाही, म्हणून वेगळा कॅमेरा प्रोफाइल बनवावा लागतो. मग फोटोशॉपच्या चॅनल मिक्सरमध्ये रेड आउटपुटला रेड ०, ब्लू १००. ब्लू आउटपुटला याच्या उलट. विटकरी आभाळ निळं होतं.