आधी वर्ष वाचायला शिका

जुनी छापील हिब्रू पुस्तकं जमवायचीत, आणि तीही शलोमो मोल्खो या यहुदी गूढवाद्याच्या प्रवचनांपासून सुरुवात करायचीय? हौस दांडगी आहे! सालोनिका (आजचं ग्रीसमधलं थेसालोनिकी), १५२९ : कबाला म्हणजे यहुदी गूढविद्येवरची ही प्रवचनं छापून आली आणि तीनच वर्षांनी, १५३२ मध्ये, इटलीतल्या मांतुआत मोल्खोला जिवंत जाळलं. असं पुस्तक पहिल्याच वर्षी विकत घ्यायला निघू नका. ग्रंथालयात बघा, डोळा तयार होऊ द्या.

आधी वर्ष काढायला शिका. हिब्रू अक्षरंच आकडे असतात : रेश २००, पे ८०, तेत ९, झाले २८९. हे हजारांचा आकडा सोडून लिहिलेलं यहुदी वर्ष. त्यात १२४० मिळवा, इसवी सन १५२९ आलं. यहुदी वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, म्हणून कधीकधी एक वर्ष मागे.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका :
- पुस्तक उजवीकडून उघडतं हे विसरून 'मुखपृष्ठच नाही' म्हणणं.
- पानं न मोजणं. पानाखालचा सुटा शब्द पुढच्या पानाच्या सुरुवातीशी जुळतो का बघा. मी नाही बघितलं. मधली चार पानं गायब निघाली.
- इटलीत फिरलेल्या प्रतीतल्या शाईची खाडाखोड आणि शेवटची सही म्हणजे घाण समजणं. ती सेन्सॉरची खूण, पुसायला जाऊ नका.

राशी लिपी (हिब्रू अक्षरांचं एक वेगळं वळण), कागदातले जलचिन्ह वगैरे पुढच्या वर्षी बघू.