वाचकांचे प्रश्न : सेंट ऑगस्टीनला नौका बांधताना

या वेळचे सगळे प्रश्न अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालेल्या जोडप्यांचे आहेत. मुक्काम एकच : फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन, स्पॅनिशांनी 1565 साली वसवलेलं गाव.

प्रश्न : आम्ही दोघं 36 फुटी शिडाची नौका घेऊन नोव्हेंबरअखेर तिथे पोचतोय. नगरपालिकेच्या मरीनात (नौकांच्या थांब्यात) धक्क्याला लागावं की मूरिंग, म्हणजे तळाशी पक्का बांधलेला तरंगता बोया, घ्यावं? (न्यू जर्सी)

दोघंच आहात, तर मूरिंग घ्या. पैसे वाचतात हे खरंच, पण मुख्य कारण मटाँझस नदीच्या पाण्याची ओढ. भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच फुटांचाच, तरी भर ओहोटीत धक्क्याच्या गाळ्यात शिरताना नौका सुकाणूचं ऐकत नाही, शेजाऱ्याच्या अंगावर जाते. वीज-पाण्यासाठी धक्काच हवा असेल, तर ओढ थांबते त्या वेळी या. ही वेळ म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ नव्हे. पातळी वाढायची थांबली तरी पाणी आत वाहतच असतं. म्हणून पातळीचा तक्ता बाजूला ठेवा आणि प्रवाहाचा तक्ता उघडा. दोन्ही वेगळे छापलेले असतात. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत इथे लागू नाही, पण उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) मात्र इथेही तसेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओढ जास्त, अष्टमीला कमी. तारीख तुमच्या हातात असेल तर भांगाचे दिवस निवडा.

आणि आरक्षण आजच करा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत गावभर दिव्यांची रोषणाई असते. तेव्हा मूरिंगही सहज मिळत नाही.

प्रश्न : मागच्या खेपेला मूरिंगवर रात्रभर बोया नौकेवर आपटत होता. सकाळी दोरी कीलखाली, म्हणजे नौकेच्या तळाच्या पात्याखाली, अडकलेली. काय चुकलं? (रॅली)

वारा एकीकडे आणि ओढ दुसरीकडे, की हे होणारच. खोल कीलची नौका पाण्याचं ऐकते, उथळ कॅटामरन (जोडसांगाड्याची नौका) वाऱ्याचं. ओहोटी उत्तरेच्या वाऱ्यासमोर आली की नौका बोयावर चढते, त्याच्याभोवती गिरकी घेते आणि ढिली दोरी कील नाहीतर सुकाणूखाली जाते.

सुरुवात पकडण्यापासून करा. आधी शेजारच्या, आपल्यासारख्याच कीलच्या नौका कुठे तोंड करून उभ्या आहेत ते बघा. त्याच दिशेने, म्हणजे ओढीच्या विरुद्ध, चालण्याहूनही कमी वेगाने या. वाऱ्याकडे तोंड करून आलात तर बोया हाताशी येईपर्यंत नौका आडवी झालेली असते. सुकाणूवर कोण आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आकडी घेऊन कोण, हे आधीच ठरवा. इंजिनाच्या आवाजात ओरडून काही कळत नाही, हाताच्या चार खुणा पुरतात. बोया नाळेखाली दिसेनासा झाला की नाळेवरच्याने हाताने अंतर दाखवत राहायचं. पहिल्यांदा हुकला तर दोरीशी झटापट न करता सरळ सोडून द्या आणि वळसा घालून परत या.

आता दोरी. नाळेवरच्या डाव्या क्लीटवरून (दोरी बांधायच्या खुंटीवरून) बोयाच्या कडीतून उजव्या क्लीटला नेलेली एकच दोरी नौका डोलली की कडीत करवतीसारखी घासते आणि एका वादळी रात्रीत तुटू शकते. त्यापेक्षा दोन दोऱ्या घ्या. पहिली डाव्या क्लीटवरून कडीतून परत डाव्याच क्लीटला, दुसरी तशीच उजवीकडे. नाळेच्या कडेला जिथे घासतात तिथे अग्निशमनाच्या जुन्या होजचा तुकडा चढवा. ओढ आणि वारा भांडणार असं दिसलं तर दोऱ्या आखडून बोया नाळेला अगदी चिकटवा, सुकाणू मधोमध बांधून टाका आणि मागच्या बाजूने एक मजबूत बादली पाण्यात सोडा. बादली ओढीला धरून राहते, गिरक्या कमी होतात. बोया बडवेल, पण दोरी खाली जाणार नाही. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी दोरी कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. पंख्यात गुंतली तर पाणबुड्या बोलवावा लागतो.

प्रश्न : ब्रिज ऑफ लायन्स कधी उघडतो? (शार्लट)

मरीनाजवळचा हा उघडता पूल बंद असताना खालून साधारण 18 फूट जागा मिळते, म्हणजे शिडाच्या नौकेला उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. दिवसा दर तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला उघडतो, तोही मागितलं तरच. गर्दीच्या काही वेळा वगळलेल्या असतात, त्या आधी बघून घ्या. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 9 वर नौकेचं नाव आणि दिशा सांगा. ओढ मागून असेल तर पुलापासून लांब, ओढीकडे तोंड करून थांबा. पूल उघडल्यावर ओढीबरोबर येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा रिवाज आहे, कारण त्याला थांबता येत नाही.

प्रश्न : फुकट नांगर टाकता येतो का? (टँपा)

येतो, पण मूरिंगच्या आखलेल्या हद्दीपासून 100 फूट आणि मरीनापासून 150 फूट दूर. फ्लोरिडाचा कायदा आहे. साखळीचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करा. ओहोटीला 12 फूट, भरतीचे 5, नाळेची उंची 4, असे 21. सातपट म्हणजे जवळपास 150 फूट. दर सहा तासांनी ओढ उलटते तेव्हा नांगर उपटून पुन्हा रुततो का, ते जागं राहून बघा. गावात जाताना डिंगीला (सोबतच्या छोट्या होडीला) इंजिन हवंच. भर ओढीत वल्ह्यांवर भरवसा नको.

प्रश्न : एकच दिवस हाताशी आहे. काय बघावं? (न्यू जर्सी)

सकाळी उघडल्या उघडल्या कास्तियो दे सान मार्कोस हा स्पॅनिश किल्ला. मरीनापासून बांधाने चालत दहा मिनिटं. 1672 ते 1695 बांधकाम, म्हणजे सिंधुदुर्गानंतर थोड्याच वर्षांनी. दगड कोकिना, शिंपल्यांच्या चुऱ्याचा. समोरच्या अनास्तासिया बेटावर खणताना मऊ असतो, वाळला की घट्ट होतो. कडक दगड तोफेचा गोळा बसला की फुटून उडतो. हा गोळ्याला जागा देऊन दबतो. 1702 मध्ये कॅरोलायनाहून आलेल्या इंग्रजांनी सात आठवडे वेढा घातला, पण भिंत पडली नाही. जाताना त्यांनी गाव जाळलं. म्हणून सेंट जॉर्ज स्ट्रीटवर 1565 चं घर शोधू नका. भिंतींना हात मात्र लावू नका, कोकिना चुरतो.

दुपारी हेन्री फ्लॅगलरचं 1888 चं हॉटेल, आता कॉलेज. दीपगृहाच्या 219 पायऱ्या गुडघे ठीक असतील तरच.

प्रश्न : पुढे समुद्रातून जावं की आतल्या जलमार्गाने? (रॅली)

समुद्राच्या मुखाशी वाळू सरकत असते, म्हणून बोये हलवले जातात. नकाशावर विसंबू नका, डोळ्यांना दिसतील ते बोये धरा. पूर्वेची लाट आणि ओहोटी एकत्र असतील तर निघूच नका. आतून गेलात तर मटाँझसच्या मुखाजवळ गाळ साचतो. ते अंतर भरती अर्धी झाल्यावर कापा. रुतलातच तर वाढतं पाणी तासाभरात सोडवेल, ओहोटीत रुतलात तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच.