‘उद्यापासून’ म्हणत राहणे आणि ‘मला जमेल का’ ही शंका, यांतून बाहेर कसे पडावे?

आपण विचारले आहे की, मनापासून ठरवलेली गोष्टसुद्धा ‘उद्यापासून’ म्हणत लांबत जाते आणि कधी सुरुवात झालीच तर ‘हे आपल्याला जमणारे नव्हे’ असे वाटून दोनचार दिवसांत सुटते, त्यावर उपाय काय. सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्यापाशी नाही. मोडी लिपी शिकण्याचा माझा संकल्प सहा वर्षे कसा रखडला आणि मग कसा मार्गी लागला, एवढे मात्र सांगू शकतो.

घरच्या ट्रंकेत पणजोबांच्या नावचे १९१७ सालचे खरेदीखत आहे. आजोबा शाळेत मोडी शिकलेले असल्यामुळे ते सहज वाचत. वडिलांपासून ही विद्या घरातून गेली. मी शिकायचे ठरवले आणि पहिल्या उत्साहात बाराखडीचा तक्ता, तीन पुस्तके, बोरू आणि शाईची दौत विकत आणली. ही खरेदी म्हणजे चालढकलीचाच एक सभ्य प्रकार होता, कारण वस्तू घरी आल्या की काम सुरू झाल्याचे समाधान आयतेच मिळते. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी प्रशिक्षण वर्गाचा अर्ज दोनदा भरला. एकदा मार्चअखेर आडवी आली, एकदा घरचे लग्न. नातेवाइकांना मात्र मी ‘मोडी शिकतोय’ असे सांगत होतो आणि कौतुक आगाऊ वसूल करत होतो, त्यामुळे ‘ध्येय चारचौघांत जाहीर करा’ या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

पुष्कळ दिवस मी याला आळस म्हणत असे. पण आळशी माणूस न केलेल्या कामापायी झोप घालवत नाही, आणि मी घालवत होतो. मनात भीती अशी होती की, एकदा नेटाने बसूनही वाचता आले नाही, तर ‘वेळच मिळत नाही’ ही सोयीची सबब जाईल आणि आपण मठ्ठ आहोत एवढेच हाती राहील.

शेवटी खरेदीखताची झेरॉक्स काढली आणि रात्री जेवणानंतर एकच ओळ वाचायची, न लागलेल्या अक्षराखाली पेन्सिलीने टिंब द्यायचे, असे ठरवले. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात; शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. पहिल्या ओळीखाली १९ टिंबे पडली. दुसऱ्या दिवशी ती नीट पाहिली, तेव्हा पाचच अक्षरे फिरून फिरून येत असल्याचे लक्षात आले. ‘मला मोडी जमत नाही’ या वाक्याचे काय करायचे हे मला सहा वर्षांत कळले नव्हते. ‘मला ही पाच अक्षरे लागत नाहीत’ याचे काय करायचे हे त्याच रात्री कळले, आणि ती पाच अक्षरे मी कार्यालयातल्या रद्दी कागदांच्या पाठीवर गिरवू लागलो.

नवव्या ओळीत ‘आंबेचार’ नावाचा कोणी साक्षीदार मला भेटला. दोन दिवस मी त्या आडनावाचे घराणे आठवत होतो. पुढच्या ओळीच्या आरंभी ‘फणसदोन’ आले, तेव्हा उलगडा झाला की ही माणसे नसून ‘आंबे चार, फणस दोन’ अशी जमिनीतली झाडे आहेत! एरवी अशी चूक ‘बघ, नाहीच जमत’ याचा पुरावा म्हणून मी जपून ठेवली असती. या वेळी हसून बायकोला सांगितली.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळले. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन ओळी वाचायच्या नाहीत, कारण थकबाकी साचू लागली की तीच न बसण्याचे नवे कारण होते. ३८ ओळींच्या खरेदीखताला अशा खाड्यांसह तीन महिने लागले. शंका गेली आहे असे म्हणणार नाही. ट्रंकेतला दुसरा कागद अधिक जुना असून त्याचे वळण फार घाईचे आहे; काल त्याच्या पहिल्या ओळीखाली २३ टिंबे पडली.