नकारार्थी इंग्रजी वाक्यात नाम एकवचनी ठेवायचं की अनेकवचनी?

तुमचे प्रश्न दोन आहेत. वस्तू नसताना ‘नो चेअर’ म्हणायचं की ‘नो चेअर्स’? आणि शून्य तर एकापेक्षाही कमी, मग अनेकवचन येतंच कसं?

‘नो’नंतर दोन्ही चालतात. ती वस्तू असती तर किती असती, यावर वचन ठरतं. शिकवताना मी बसचं उदाहरण घेते. बसला ड्रायव्हर एकच असतो, म्हणून ‘द बस हॅज नो ड्रायव्हर’. प्रवासी पुष्कळ असतात, म्हणून ‘द बस हॅज नो पॅसेंजर्स’. बस तीच, दोन्ही जागा रिकाम्या, तरी वचन वेगळं. क्रियापदाचं वचन नामाप्रमाणे बदलतं: ‘देअर इज नो ड्रायव्हर’, ‘देअर आर नो पॅसेंजर्स’.

आपली अडचण मराठीतून येते. ‘मला बहीण नाही’ हे आपल्याला अगदी सहज वाटतं, म्हणून तोंडी ‘आय हॅव नो सिस्टर’ येतं. व्याकरणात ते बसतं, पण बहिणी एकाहून जास्त असू शकतात, त्यामुळे इंग्रजी बोलणारे बहुधा ‘आय डोन्ट हॅव एनी सिस्टर्स’ म्हणतात. ‘एकही नाही’ असा जोर हवा असेल तर मात्र ‘नॉट अ सिंगल’ आणि पुढे एकवचनच. खरी चूक वेगळीच आहे, आणि ती फार दिसते: ‘आय डोन्ट हॅव कार’. मोजता येणारं एकवचनी नाम असं उघडं ठेवता येत नाही. ‘अ कार’ म्हणा.

आता शून्याचं. ‘अनेक’ या शब्दाची फोड करून बघा: अन् अधिक एक, म्हणजे ‘एक नव्हे’. इंग्रजी अनेकवचन नेमकं तसंच वागतं. शून्य हेही ‘एक नव्हे’, म्हणून ‘झिरो मार्क्स’, ‘झिरो डिग्रीज’. तापमान १ असेल तेव्हाच ‘वन डिग्री’.

पाणी, माहिती यांसारख्या न मोजता येणाऱ्या नामांना हा प्रश्नच पडत नाही: ‘नो वॉटर’, ‘नो इन्फर्मेशन’. ‘नन ऑफ देम’नंतर ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही वापरतात. बोलताना ‘आर’ जास्त ऐकू येतं, काटेकोर लेखनात काही जण ‘इज’चा आग्रह धरतात.