वाटी रिकामी होते, पण करतं कोण?

प्रश्न आला तो बेळगावच्या वडगावातल्या एका विणकर घरातून. खाली यंत्रमाग, वर माडीवर राहणं, सात माणसं आणि चार मांजरं. खळ लावलेल्या सुताला उंदीर लागतात म्हणून मागाच्या घरात मांजर असतंच. पण एकाची चार झाली की ती उंदरांवर कुठली जगतात, घरच्या वाटीवरच जगतात. थोरल्या वैनींचं म्हणणं असं: "चौघांना एकच खाणं घालतोय ओ आम्ही. बंड्या फुगून पोतं झालाय आणि चिमणीची हाडं वर आल्यात. कमी घातलं तर चिमणीच उपाशी राहते, जास्त घातलं तर हा आणखी फुगतोय. करायचं काय?"

दोनपेक्षा जास्त मांजरं असलेल्या घरांतून ही तक्रार थोड्याफार फरकानं येतच असते. बंड्या हा नसबंदी झालेला सहा वर्षांचा बोका, वजन 6.2 किलो. चिमणी बारा वर्षांची भाटी, 2.7 किलो, दोन वर्षांमागे लसीच्या कार्डावर तिचं वजन 3.4 होतं. राणी 4.3 आणि तिळ्या 3.9, ती दोघं ठीक.

आधी बोटांनी तपासणी. मांजराच्या बरगड्यांवरून हलक्या हातानं बोटं फिरवायची. मग आपल्याच हाताची पालथी बाजू चाचपायची: बरगड्या तशा लागल्या तर वजन बरोबर. मुठीच्या गाठींसारख्या टोचल्या तर मांजर बारीक, तळव्याच्या गादीसारखं मऊ लागून बरगडीच सापडत नसेल तर जाड. वरून पाहिलं की कंबर दिसायला हवी. पोटाखाली लोंबणारी सैल कातडीची पिशवी चरबी समजू नये, ती निरोगी मांजरालाही असते. डॉक्टर हेच 1 ते 9 अशा गुणांत मांडतात, 5 म्हणजे उत्तम. बंड्या 8 वर होता. बांध्याच्या मानानं त्याचं वजन 4.8 च्या आसपास असायला हवं.

घरच्यांना दिलेलं पहिलं काम खाणं कमी करण्याचं नव्हतं, वही ठेवण्याचं होतं. सात दिवस, मांजरांच्या तोंडी जे जाईल ते घालणाऱ्यानं लिहायचं. कोरडं खाणं वाटीनं नाही, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये. वाटी फसवते. तीच वाटी एकजण सपाट भरतो, दुसरा शिगेला लावतो.

वहीत दिवसाला सरासरी 230 ग्रॅम कोरडं खाणं निघालं. पाकिटावर किलोला 3,700 किलोकॅलरी छापलेलं, म्हणजे ग्रॅमला 3.7. शिवाय सासूबाईंच्या हातचं म्हशीचं दूध, दीडशे मिलिलिटर. दोन्ही मिळून हजाराच्या आसपास.

आता गरज. मांजराला नुसतं जगायला किती ऊर्जा लागते हे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं. वजनाला वजनानं दोनदा गुणायचं, वर्गमुळाचं बटण दोनदा दाबायचं, येईल त्याला 70 नं गुणायचं. 4 किलोचं मांजर घ्या: 4 गुणिले 4 गुणिले 4 म्हणजे 64, वर्गमूळ 8, पुन्हा वर्गमूळ 2.83, गुणिले 70 म्हणजे 198. नसबंदी झालेल्या, घरातच असणाऱ्या मांजराला याच्या 1.2 पट पुरतं. आणि वजन आजचं धरायचं नाही, असायला हवं ते धरायचं. या हिशेबानं बंड्याला 272, राणीला 251, तिळ्याला 233, चिमणीला 210. बेरीज 966.

खरी गोम इथं आहे. घराची बेरीज जवळजवळ बरोबर होती, वाटणी चुकली होती. अशा घरात "उद्यापासून सगळ्यांचं थोडं कमी करा" हा सल्ला चिमणीच्या जिवावर उठतो, कारण जाडा आधी स्वतःचं भागवतो आणि तुटवडा बारकीच्या वाट्याला येतो.

"पण भांडत नाहीत ओ, एका ताटात खातात," असं वैनी म्हणाल्या. मांजर भांडून वाटी बळकावत नाही. सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात बघत बसलं की दिसतं: बंड्या आपलं खाऊन उंबऱ्यावर येऊन बसतो. आडवा पडून, पाय चाटत, कुणाकडे बघतही नाही असं वाटावं. चिमणी जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत येते, थांबते, कान जरा मागे घेते आणि वळून वर जाते. गुरगुर नाही, पंजा नाही. मांजर हे एकटं शिकार करून एकटं खाणारं जनावर. शेजारी दुसरं असलं की ते एकतर घाईनं गिळतं, नाहीतर जागा सोडतं. वाटी दहा मिनिटांनी रिकामी दिसते आणि घरच्यांना वाटतं, चौघांनी खाल्लं.

म्हणून चार वाट्या, चार जागा, एकातून दुसरी दिसायला नको. बंड्या न्हाणीत, दार बाहेरून ओढून. चिमणी माडीवरच्या खोलीत. राणी स्वयंपाकघरात, तिळ्या मागाच्या खोलीत, माग सुरू होण्याआधी. खडखडाटात मांजर खात नाही. वीस मिनिटं थांबायचं, मग वाट्या उचलायच्या आणि उरलेलं पुन्हा काट्यावर ठेवायचं. दिवसातून चार वेळा: सकाळी साडेसहा, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री अकरा. शेवटची वेळ महत्त्वाची, नाहीतर पहाटे साडेचारला दार खरवडणं सुरू होतं. आणि एकदा का कुणी कंटाळून उठून चार दाणे टाकले, की दुसऱ्या दिवशी तो चारलाच येतो.

चिमणीला मधेअधे खाता यावं म्हणून एक झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट घेतला आणि बाजूला भोक पाडलं, आधी लहान, मग चिमणी सहज आत जाईपर्यंत मोठं. कडा घासून घेतल्या. पहिले दोन दिवस कुणीतरी समोर बसून राहिलं, जाडा अडकू नये म्हणून. मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखून झाकण उघडणारी भांडी मिळतात, बॅटरीवर चालतात, उत्तम काम करतात. पण महाग पडतात, आणि दार असलेली खोली फुकट असते.

चिमणीला मात्र जास्त खाणं हे उत्तर नव्हे. बारा वर्षांच्या मांजराचं वजन 3.4 वरून 2.7 वर येणं, म्हणजे पाचवा हिस्सा जाणं, हे "म्हातारी झाली" म्हणून सोडायचं नसतं. मूत्रपिंड, थायरॉइड, साखर, जंत, दात हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं. हिच्या रक्तात काही निघालं नाही, दाढ निघाली: मोडलेली, हिरडी सुजलेली. कोरडा दाणा चावताना दुखत होतं. दाढ काढल्यावर ओलं खाणं कोमट पाण्यात कालवून सुरू केलं.

आता बंड्या. घरच्यांनी आधी त्याला दोन दिवस उपाशी ठेवून पाहिलं होतं, एकादशीसारखं. हे कधीही करू नये. जाड मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याविना राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते, कान-हिरड्या पिवळ्या पडतात आणि जीव जाऊ शकतो. पथ्यावरच्या मांजरानं एक दिवस काहीच खाल्लं नाही तर पथ्य गुंडाळून ठेवायचं, आवडेल ते द्यायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

त्याचा आकडा टप्प्यानं आणला. पहिले दोन आठवडे 227 किलोकॅलरी, म्हणजे 4.8 किलोची मूळ गरज. या पाकिटाचे 61 ग्रॅम. नंतर त्याच्या 0.8 पट, सुमारे 180. याच्या खाली साध्या खाण्यावर जायचं नाही. दाणे कमी झाले की प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी होतात. वजन हलत नसेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं वजन उतरवायचं खाणं लागतं, आणि नवं खाणं आठ-दहा दिवसांत मिसळत मिसळत बदलायचं.

180 मधले दहा टक्के सासूबाईंचे. हे ठरवूनच केलं. ज्या हातानं आयुष्यभर घातलं, त्या हाताला "घालू नका" सांगून कुठल्याच घरात चालत नाही, चोरून चालू राहतं. म्हशीच्या दुधाच्या 100 मिलिलिटरमध्ये शंभराच्या घरात किलोकॅलरी असतात. रोज 60 मिलिलिटर पाजलं तर बंड्याच्या दिवसाचा तिसरा हिस्सा दुधातच संपतो, वर मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचतही नाही. त्याऐवजी सासूबाईंना एक छोटी डबी दिली: पाण्यात उकडलेलं, कातडी काढलेलं कोंबडीचं छातीचं मांस, 11 ग्रॅम, चिरून सहा-सात तुकडे. मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, मांजराच्या रक्तपेशींना तो विषच. सकाळी भरलेली डबी रात्री संपली पाहिजे, दुसरी मिळणार नाही. उरले 162, म्हणजे 44 ग्रॅम दाणे, ते सकाळीच मोजून एका डब्यात. दिवसभर कुणीही घातलं तरी त्याच डब्यातून.

घराबाहेरचं घालणं राहिलंच. कामावरचा मुलगा डब्यातला बांगडा द्यायचा, आणि भिंतीपलीकडच्या कन्नड बोलणाऱ्या अक्का "बा, बा" म्हणत दहीभात. बंड्याच्या गळ्यात, ओढ बसली की सुटणाऱ्या पट्ट्याला, कागदाची पट्टी लावली. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये एवढंच, "पथ्य आहे". पथ्य हा शब्द दोन्हीकडे तोच, त्यामुळे भांडणाला जागा राहिली नाही.

वजन दर रविवारी सकाळी, खाण्याआधी. माणसानं मांजर घेऊन काट्यावर उभं राहायची पद्धत इथं कामाची नाही. तो काटा 100 ग्रॅमच्या टप्प्यानं चालतो आणि आपल्याला बघायचे असतात 30 ते 60 ग्रॅम. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा 10 ग्रॅमपर्यंत दाखवतो. मांजर पिशवीत बसवून अडकवायचं, पिशवीचं वजन वजा करायचं. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं की चाल बरोबर. दोन टक्क्यांच्या वर, म्हणजे बंड्याच्या बाबतीत सव्वाशे ग्रॅम गेले, तर खाणं वाढवायचं. 1.4 किलो उतरायला सात ते दहा महिने लागतात, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

पहिले पाच आठवडे काटा खाली येत राहिला. सहाव्याला थबकला, सातव्याला 20 ग्रॅम वर. वही बरोबर, डबी बरोबर, अक्कांनीही शपथ घेतली. मग डब्यातलं पाकीट बाहेर काढून पाहिलं. दुकानदारानं त्याच कंपनीचं दुसऱ्या चवीचं दिलं होतं आणि मागे छापलं होतं 4,100. ग्रॅम तेच 44, पण रोजच्या 18 किलोकॅलरी जास्त, म्हणजे न बघता दुसरी एक डबी. शिवाय त्या आठवड्यात गणपती, घरभर पाहुणे. ग्रॅम ठरतात ते पाकिटामागच्या आकड्यावर. पाकीट बदललं की भागाकार नव्यानं.

श्रावणाचंही आधीच ठरवून ठेवावं लागतं. महिनाभर घरात मासळी-मटण शिजत नाही आणि मांजरांच्या पुढ्यात दूधभात येतो. भातावर मांजराचं भागत नाही, टॉरिन हा घटक त्याला मांसातूनच मिळतो. त्या महिन्यात पाकिटावरच ठेवायचं. बेळगावच्या पावसात दहा किलोचं पोतं उघडून ठेवू नये, दाणे सर्द होऊन बुरशी धरतात. लहान पाकीट घ्यावं, ते पाकिटासकट स्टीलच्या डब्यात. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या ताटलीत.

सोळाव्या आठवड्यात बंड्या 5.5 वर आला आणि चिमणी 3.1 वर. अंगावर हलका झाल्यानं बंड्या आता क्रेटच्या भोकातून खांदा घालून आत शिरायला लागला, आणि एके दुपारी क्रेटमध्येच झोपलेला सापडला. चिमणीचं मधलं खाणं माडीवरच्या खोलीत हलवलं आहे, कडी वरच्या बाजूला बसवून.